भरलेली सुरई

दवाखान्यात बसून राहिलं की किस्से गोळा करावे लागत नाहीत. पदराला कुसळं चिकटावीत तसे ते आपोआप चिकटतात. माझी हळद नुकती उतरली होती आणि मी नागपूरच्या दवाखान्यात मामंजींच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, खाटेशी बसले होते. त्यांच्या छातीत ठोका सांभाळणारं यंत्र बसवलं होतं. पेसमेकर.

*

ऑपरेशन चाललं होतं तेव्हा मामंजी जागेच. तेवढीच जागा बधिर केलेली. सेलूला आमचा भाजीचा मळा. पोती शिवण्यात त्यांचा जन्म गेलेला. टाके घालणाऱ्या डॉक्टरांना म्हणाले, "कोपरा दाबून घ्या सायेब, नाईतर वांगे बाहेर येतात."

*

बधिरपणा होता तोवर मामंजी राजे होते. गावाहून येईल त्याला सांगत, "काई दुखत नाई. लोकं उगाच भेतात." पटवून द्यायला डावा हात वर करू लागले. वायर सरकेल म्हणून नर्सने तो धरला, तर आत्याबाई, माझ्या सासूबाई, तिला म्हणाल्या, "बांधूनच ठेवा बाई. घरीबी कोणाचं आयकते हा माणूस?"

*

औषध उतरलं तसे मामंजी गप्प झाले. आमच्याकडे सून सासऱ्यासमोर बोलत नाही, आणि सासरा सुनेसमोर कण्हत नाही.

मग ते आत्याबाईंना म्हणत, "सुनबाईले पाणी आणाले पाठव."

सुरई भरलेलीच असायची. मी ती नळावर नेऊन ओतायची, पुन्हा भरायची आणि दाराबाहेर उभी राहायची. आतलं कण्हणं थांबलं की आत. थोड्या वेळाने पुन्हा पाणी. नळापर्यंतच्या फरश्या पाठ झाल्या. पाय भरून आले.

*

संध्याकाळी डॉक्टर आले. दुखत असेल तर जखमेपाशी पुन्हा बधिर करायचं इंजेक्शन देता येईल, म्हणाले.

"दुखतं का बाबा?"

मामंजींनी माझ्या पदराकडे पाहिलं. "नाई."

आत्याबाई खाली बघत राहिल्या. नवऱ्याने एकदा नाही म्हटलं की त्यांच्या लेखी नाहीच. डॉक्टर दाराशी पोचले.

"दुखते त्यांले," मी म्हणाले.

सासरी आल्यापासून मामंजींनी माझा आवाज ऐकलाच नव्हता. ते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. डॉक्टर मागे फिरले. इंजेक्शन झालं.

डॉक्टर गेले. मी आपली सवयीने सुरई उचलली.

मामंजी भिंतीकडे बघतच आत्याबाईंना म्हणाले, "आता पाणी नाई लागत. बस म्हणावं तिले."