कॅसेट सांगणारे आबा

समोर चाललेली गोष्ट मोठ्याने सांगितल्यावाचून ती घडूच शकत नाही, अशी ज्यांची प्रामाणिक समजूत होती असे या भूतलावर एकच गृहस्थ होऊन गेले, आणि ते भांडगावात माझ्या भिंतीला भिंत लावून राहत होते. शिरूरच्या न्यायालयात बत्तीस वर्षे कारकुनी करून मी निवृत्त झालो, तो उरलेले आयुष्य शांतपणे अर्ज लिहिण्यात घालवावे म्हणून. शेजारच्या आबांनी ती शांतता पहिल्याच आठवड्यात मोडीत काढली. त्यांच्या टीव्हीवर जे जे दिसे ते ते, टीव्हीहून चढ्या आवाजात, ते आपल्या पत्नीला, म्हणजे वहिनींना, सांगत. वहिनींची दृष्टी काही वर्षांपूर्वी गेली होती. हे मला ठाऊक होते. परंतु दयेपोटी कायदा सैल करणे माझ्या स्वभावात नाही. बातम्या देणाऱ्या बाईंच्या साडीचा काठ, शेतीच्या कार्यक्रमातल्या साहेबांचे सुटलेले पोट, त्यांच्यामागून निघालेले कुत्रे, काहीही सुटत नसे. वर शेराही असे : "मकेत हुबा हाय, पर ह्यानं जल्मात खुरपं धरल्यालं न्हाई. बूट बघ की कसलं झळकत्यात!" एस.टी.त खिडकीशी बसून ते दौंडपर्यंतचा रस्ता सांगू लागले, की मागच्या बाकावरची डोळस माणसेही माना वळवून बाहेर बघत.

मी आबांना रीतसर नोटीस दिली. पाच परिच्छेद, दोन पोटकलमे. त्यांची अक्षरओळख बेताची, म्हणून ती माझ्याकडूनच वाचून घ्यायला ते आले, बरोबर वहिनी. मी वाचू लागलो आणि आबाही सुरू झाले. "भाऊसाहेब तांबडं झाल्यात. आता कान बी. आता चष्मा काढून पुसत्यात."

"लई राग आलाय व्हय, भाऊजी?" वहिनींनी इतक्या काळजीने विचारले, की मला तिसऱ्या परिच्छेदापुढे जाता आले नाही. नोटीस मागे घेतल्याचे मात्र मी लेखी कोठेही दिलेले नाही.

वहिनींच्या मनात एक गोष्ट सलत होती. त्यांचा जन्म शेळ्यामेंढ्यांमागे गेलेला. दृष्टी गेली तशी "आता तुला झेपायचं न्हाई" असे म्हणून घरच्यांनी शेळ्या विकल्या. त्यात आबाही होते. दोन हजार सालच्या सुमारास तालुक्याला बायकांसाठी शेळीपालनाचे प्रशिक्षण निघाले. प्रमाणपत्र मिळवील तिला बचत गटातर्फे दोन शेळ्या मिळणार होत्या. वहिनींनी नाव घातले. शिकवणे सारे व्हिडिओ कॅसेटवर, त्यामुळे तिथल्या साहेबांनी अर्ज परत केला. "आजी, कॅसेट बघावी लागते हो. न बघता प्रमाणपत्र कसं देऊ?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. 'बघणे' अनिवार्य असल्याचा नियम कोणत्या परिपत्रकात आहे, त्याची प्रमाणित प्रत मागणारे पत्र मी त्याच दिवशी पोचपावतीसह रजिस्टर केले. मग दुसरे. मग तिसरे. तिसऱ्यानंतर उत्तर आले : आबांना शेजारी बसू देऊ, चाचणी मात्र सर्वांसारखीच होईल.

कॅसेट होती विताना अडलेली शेळी सोडवण्याची. निवेदकाचा आवाज भारदस्त आणि मजकूर असा : "हात असा न्यावा. मग असा वळवावा. आता हे पाहा." आंधळ्या माणसाने यातून काय घ्यावे, हा प्रश्न ती करणाऱ्यांना पडलेला नव्हता. आबांनी मात्र कसूर केली नाही. "डाक्टरनं बोटं निमुळती केली, बांगडी भरताना करत्यात तशी. आता चित्र दावतोय. आत करडू हाय, म्होरं दोन खुरं, मान मागं पडलीया. ती तळव्यात घिऊन फुडं आणायची." पहिल्या दिवशी बायकांनी त्यांना "गप बसा की!" म्हणून दटावले. तिसऱ्या दिवशी मागच्या रांगेतून ओरडा आला, "आबा, मोठ्यानं सांगा, हितं ऐकू येत न्हाई!"

चाचणीत साहेबांनी विचारले, "शेळी अडली, तर आधी काय करायचं?"

"घड्याळ काढायचं, अंगठी काढायची, मंग साबण," वहिनी म्हणाल्या.

"साबण बरोबर. बाकीचं कॅसेटमध्ये नाही."

मी उभा राहिलो आणि कॅसेट मागे फिरवण्याची मागणी केली, आधी तोंडी, मग लेखी. ती फिरवली. निवेदक प्रस्तावना करीत असताना पडद्याच्या कोपऱ्यात डॉक्टर मुकाट्याने घड्याळ काढून खिशात टाकत होता. इतक्यांदा दाखवूनही साहेबांनी ते कधी पाहिले नव्हते. मी खाली बसतो न बसतो तोच साहेब म्हणाले, "पण अंगठी? ती तर बोटातच आहे."

होती. साक्षीदाराने पाहिले तेवढेच सांगावे, हे ऐकण्यात माझी हयात गेली. इथे आमच्याच साक्षीदाराने पदरचे घातले होते. वहिनींचा चेहरा उतरला. त्या नुसत्या पदराचे टोक पिळत बसल्या. आबा उठले.

"त्यानं न्हाई काढली, सायेब. चुकलं त्याचं. अंगठीनं आत जखम व्हतीया. म्हून म्या काढाया लावली. तिला दिसत न्हाई, म्हून काय चुकीचं शिकवू?"

साहेबांनी पडद्याकडे पाहिले, मग स्वतःच्या बोटातल्या अंगठीकडे, आणि प्रमाणपत्रावर सही केली.

आबांना जाऊन आता बरीच वर्षे झाली. त्यांची आठवण आली, की मला त्या शेळ्यांचे पहिले वेत आठवते. भर दुपारी एक शेळी अडली आणि आबांनी मला भिंतीवरून हाक मारली. मी गेलो तेव्हा वहिनी गुडघे टेकून बसल्या होत्या, हात मनगटापर्यंत आत. आबा समोर उकिडवे. तिथे पाहण्यासारखे काहीच नव्हते.

"काय लागतंय गं?"

"दोन खुरं गावली. मान गावंना... थांबा. हाय. डाव्या अंगाला वळलीया."

"मंग?"

"तळव्यात घेतली."

"आन् मंग?" आबांचा आवाज इतका बारीक झालेला मी कधी ऐकला नव्हता.

"घाबरू नगा," वहिनी म्हणाल्या. "जित्तं हाय. माझं बोट चोखतंय."