टेबलाखालची वायर

आमचे काका जन्मभर वायरमन. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून बॅटरीवर चालणाऱ्या, खुर्चीसारख्या स्कूटरवर बसून फिरतात. छोट्या रेल्वेगाड्यांच्या प्रदर्शनात मी त्यांना नेलं, पण त्यांच्या वाट्याला आल्या लोकांच्या पाठी आणि पिशव्या. "जरा सरकता का," म्हणून म्हणून काकांचं तोंड दुखलं, पण कोणी ढिम्म हललं नाही.

तेवढ्यात मोठ्या टेबलावरची गाडी बोगद्यात बंद पडली. मांडणारे चौघं वरून रूळ पुसत बसले. काकांना बसल्या जागेवरून टेबलाखालचं सगळं दिसत होतं.

"तिसऱ्या पायापाशी वायर सुटलीय," ते म्हणाले.

वायर जोडली, गाडी निघाली. लोकांनी लगेच काकांना वाट करून दिली.

काका जागचे हलले नाहीत. म्हणाले, "मघाशी वाट मागत होतो, तोही मीच होतो."