फ्लॉसीबाईंचे चार ग्रह

वसईजवळ वालीवच्या एका कारखान्यात फ्लॉसी तुस्कानो यांनी सव्वीस वर्षं स्टोअर सांभाळलं. पंपाचे सुटे भाग बनवणारा कारखाना. बोल्टपासून ग्रीसच्या डब्यापर्यंत ज्याला जे हवं ते बाईंच्या जाळीच्या खिडकीतूनच मिळायचं. साहेब पाहुण्यांना नव्या मशिनीचं कौतुक सांगत फिरायचे, तेव्हा बाई मनातल्या मनात म्हणायच्या, मिरवा बाबांनो मिरवा, नखाएवढा वायसर संपला की हे धूड जागचं हलायचं नाही. मनातल्या मनातच. कारण दर सोमवारच्या मीटिंगला बाईंचं रजिस्टर आत जायचं आणि बाई बाहेर बाकावर बसायच्या. काही विचारायचं असेल तर शिपाई येऊन विचारून जाई.

निवृत्त झाल्या त्याच वर्षी गुडघ्याची वाटी बदलली. डॉक्टरांनी दीड महिना घरी बसवलं. नंदाखाल गावातल्या घरी त्या आणि नवरा स्टॅनी. स्टॅनी दिवसभर केळीच्या वाडीत, बाई खुर्चीत, आणि खुर्चीत बसून बाईंचा जीव अगदी मेटाकुटीला आला. मग पुण्याहून भाची आली, एलिना. तिने स्वतःचा जुना लॅपटॉप मावशीपुढे ठेवला.

"हा खेळून बघ. हेलियार्क. अंतराळातली लढाई आहे, पण घाई नाही. आधी तू चाल करायची, मग समोरचा. बुद्धिबळासारखं."

"आणि करायचं काय?"

"ग्रह घ्यायचे, खाणी खणायच्या, जहाजं बांधायची. शेवटी ज्याचं राज्य टिकलं तो जिंकला."

पहिले नऊ डाव बाई कॉम्प्युटरकडून हरल्या. प्रत्येक हार त्यांनी वहीत लिहून ठेवली: कितव्या चालीला काय संपलं, कशामुळे अडलं. दहावा डाव जिंकल्या. स्टॅनी म्हणाला, "या वयात रॉकेटं उडवतेस होय?"

"उडवत नाही. आधी इंधन भरते. उडवायचं नंतर."

गुडघा बरा झाला तरी खेळ सुटला नाही. बाई आता खेळाच्या फोरमवर जाऊन लोकांचे सल्ले वाचू लागल्या. हजारो खेळाडू तिथे लिहायचे, आणि जो तो एकच सांगायचा: पहिल्या चाळीस चालींत आठ ग्रह बळकावा, मिळेल त्यातून लढाऊ जहाजं बांधा, शेजाऱ्यावर तुटून पडा. थांबला तो संपला. बाईंना हे पटेना. आठ ग्रहांना लागणारा माल पोचवणार कोण, हे कुणीच लिहीत नव्हतं.

म्हणून त्यांनी लिहिलं. अकरा सूचना, मराठीत. घरात त्या दोघांची बोली वसईकडची सामवेदी, पण लिहायचं म्हटलं की बाईंना शाळेतलं मराठीच सुचे. चौथा ग्रह मिळाला की थांबा, आधी आहेत ते चार पोसा. जहाज पाठवण्याआधी ते परत कसं येणार ते ठरवा. शत्रूची जहाजं मोजत बसू नका, त्याचा इंधनतळ शोधा. सातवी सूचना अशी की कडेच्या ग्रहावर जहाजं अडकवू नका, भोवती सुरुंग पेरले की पुरे.

तासाभरात पोस्ट गायब. मॉडरेटरचा निरोप: इथे फक्त इंग्रजी.

बाईंनी फोरमचे सगळे नियम एलिनाकडून समजून घेतले. भाषेबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं. त्यांनी पोस्ट पुन्हा टाकली. पुन्हा उडाली. तिसऱ्यांदा टाकताना वर एक ओळ लिहिली: "नियम दाखवा, मी स्वतः काढते." तीही गेली. पाचव्या वेळी मात्र ती काढायच्या आत वॉइडकिंग नावाच्या खेळाडूची नजर पडली. त्याचं नाव फोरमच्या यादीत पहिल्या विसांत असायचं. त्याने इंग्रजी लिपीत हिंदी लिहिलं, त्याचा अर्थ असा: काकू, चार ग्रहांत फक्त कांदेपोहे होतात, गॅसवर काय ठेवलंय ते बघा आधी. खाली साठ-सत्तर जण हसले होते.

स्टॅनीने खांद्यावरून वाचलं. "सोड ना फ्लॉसी. कशाला लोकांच्या तोंडी लागतेस?"

"मी कुणाच्या तोंडी लागले? मी फक्त लिहिलं."

"मग राहू दे आता."

बाईंनी चष्मा काढला. "स्टॅनी, सव्वीस वर्षं मी त्या बाकावर बसले. माझंच रजिस्टर आत वाचायचे आणि मला दार बंद. मी 'बरं सर' म्हणायचे. आता कुणाला म्हणायचं नाही."

स्टॅनीला त्या बाकाचं आजच कळत होतं.

बाईंनी उत्तर लिहिलं, मराठीतच. "रविवारी दुपारी तीन वाजता खेळायला या. मी पाचवा ग्रह घेतला तर मी हरले असं समजा."

वॉइडकिंग आला, आणि त्याच्यामागून बघायला तीनशे लोक आले. चर्चमधल्या मिस्साहून आल्यावर बाईंनी जेवणही नीट घेतलं नव्हतं. एका चालीला फार तर चार मिनिटं मिळत. चाळिसाव्या चालीला त्याच्याकडे नऊ ग्रह आणि एकतीस जहाजं होती. बाईंकडे चार ग्रह, सहा जहाजं. स्टॅनी सहज डोकावायला आला होता तो खुर्ची ओढून बसला.

बावन्नाव्या चालीला त्याने बाईंच्या कडेच्या ग्रहावर धाड घातली. सुरुंगांनी त्याची दोन जहाजं खाल्ली आणि बाकीची आरामात आत शिरली. दोन चालींत ग्रह गेला.

"गेला?" स्टॅनीने विचारलं.

"गेला. माझीच सूचना, माझीच चूक." समोर तीनशे माणसं बघत होती. बाजूच्या चौकटीत वॉइडकिंगने लिहिलं, पोहे झाले का काकू?

बाई नकाशा बघत होत्या. नऊ ग्रहांचा पसारा, आणि त्या सगळ्या जहाजांना इंधन मिळत होतं ते एकाच तळावरून. एकच खिडकी, आणि साहेबांनी तिच्यावर पहारासुद्धा ठेवला नव्हता. बाईंनी आपली दोन हलकी जहाजं लांबच्या वळणाने मागे धाडली. उरलेल्या चार जहाजांनी तिसरा ग्रह झुंजवत ठेवला. साठाव्या चालीला तो इंधनतळ जळाला.

नवा तळ बांधायला सहा चाली लागतात. त्या काळात त्याने माघार घेतली असती तरी वाचला असता. पण तो तळ न बांधता पुढेच येत राहिला. सत्तराव्या चालीला त्याची जहाजं बाईंच्या ग्रहासमोर ओळीने उभी राहिली, आणि उभीच राहिली. इंधन नाही म्हणून तोफाही नाहीत.

चौकटीत अक्षरं उमटली. "आयला, हे काय झालं!"

स्वच्छ मराठीत. स्टॅनी मोठ्याने हसला. "अगं, हा तर आपल्यातलाच निघाला!"

बाईंनी टाईप केलं, "इंधन संपलं. पुढची चाल करा." शहाण्णवाव्या चालीला त्याचं शेवटचं ठाणं पडलं. तो खेळातून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी मॉडरेटरचं गोड पत्र आलं. तुमच्या सूचनांचं इंग्रजी करून आम्ही मुख्य मार्गदर्शकात सगळ्यांत वर लावतो, मराठी तेवढी काढून घ्या. एलिना फोनवर म्हणाली, "मावशी, हे मोठं आहे हं. हो म्हणून टाक."

"वर मराठी, खाली इंग्रजी. नाहीतर माझं काही लावू नका," बाईंनी कळवलं आणि पोस्ट बाराव्यांदा टाकली.

या वेळी ती उडाली तेव्हा कामणच्या गोदामात काम करणाऱ्या खुशी नावाच्या मुलीने तीच पोस्ट स्वतःच्या नावाने टाकली. मग सोलापूरच्या एकाने, मग कुणी अकोल्याचा. एक काढावी तर तीन उगवत. मॉडरेटरने मराठीसाठी वेगळा कोपरा देऊ केला. बाईंनी कळवलं, कोपरा नको, सगळ्यांच्या पानावर जागा हवी. पाचव्या दिवशी ती मिळाली. वर मराठी, खाली एलिनाने केलेलं इंग्रजी.

लावण्याआधी बाईंनी एक बदल केला. सातव्या सूचनेखाली लिहिलं: "ही चूक होती. याच चुकीने माझा ग्रह गेला. सुरुंगांबरोबर निदान दोन जहाजं ठेवा."

आठवड्याने त्याखाली पहिला प्रश्न आला. वॉइडकिंगचा. आता देवनागरीत, आणि खाली खरं नाव: अल्पेश, विरार. "काकू, दोन जहाजंही पुरणार नाहीत. मी असतो तर तरीही घुसलो असतो."

स्टॅनी वाचून म्हणाला, "आता हा परत भांडायला आला."

"येऊ दे की," फ्लॉसीबाई म्हणाल्या आणि खुर्ची पुढे ओढून त्यांनी लिहिलं, "घुसून दाखवा. मंगळवारी चार वाजता."