दोन इंच माया

मास्तरांची पाठ दुखते ही गोष्ट सगळ्या गल्लीला माहीत होती, फक्त मास्तरांना मान्य नव्हती. "दुखत नाही हो," ते म्हणायचे, "जरा धरलीये." आता एखादी गोष्ट सहा वर्षं धरून बसलीये म्हटल्यावर ती सोडायच्या बेतात नाही, हे कुणालाही कळावं. पण मास्तर पडले शिंपी. जगातली कुठलीही गोष्ट जरा ओढून, जरा दाबून, वरून इस्त्री फिरवली की सरळ होते, असा त्यांचा ठाम समज होता.

दुकान म्हणजे एक लांबट खोली. दारातून आत आलं की आधी मास्तरांचं मशीन, मग कापायचं टेबल, टेबलाच्या वर खिळ्यांना टांगलेले खाकी कागदाचे साचे, आणि शेवटच्या भिंतीला पुरुषभर उंचीचा आरसा. आरशासमोर वीतभर उंचीचा लाकडी पाट. गिऱ्हाईक त्या पाटावर उभं राहायचं आणि मास्तर खाली गुडघे टेकून, तोंडात दोन टाचण्या धरून, पॅन्टची उंची जिथे संपवायची तिथे खडूची खूण करायचे. खिडकीशी काकू बसायच्या. काकू म्हणजे मास्तरांच्या बायको, पण सगळी गल्ली त्यांना काकूच म्हणायची. काज, बटणं आणि तुरपाई त्यांच्याकडे. दुकानातला मशीनचा आवाज मास्तरांचा आणि बाकी सगळा आवाज काकूंचा, अशी कामाची सरळ वाटणी होती.

माप देताना माणसाला दोन मिनिटं हात पसरून गप्प उभं राहावं लागतं, आणि गप्प उभं राहणं कुणाला जमतंय? त्यामुळे येणारा प्रत्येक जण मास्तरांच्या पाठीवर बोलायचा. चपलांच्या दुकानदारानं जमिनीवर झोपायला सांगितलं. मास्तर तीन दिवस झोपले, चौथ्या दिवशी उठवायला दोन माणसं बोलवावी लागली. पोस्टमन म्हणाला, पट्टा बांधा. मास्तरांनी पट्टा विकत घेतला नाही, स्वतः शिवला. जाड कॅनव्हासचा, बारा हुकांचा, आतून मऊ अस्तर लावलेला. फिटिंग असं की बघत राहावं. पाठ होती तशीच.

डॉक्टरांनी फोटो काढून पाहिला, काही मोडलेलं नाही म्हणून सांगितलं आणि मागच्या गल्लीत व्यायाम शिकवणाऱ्या मुलीकडे जायची चिठ्ठी दिली. ती चिठ्ठी मास्तरांनी मशीनच्या खणात ठेवली, म्हणजे व्यवस्थित हरवली.

"व्यायाम?" ते काकूंना म्हणाले. "रोज आठ तास मशीनला पाय मारतोय मी. खाली चाकं असती ना, तर एव्हाना जग फिरून आलो असतो."

"पुढे कुठे गेलाय पण?" काकू दोरा ओवता ओवता म्हणाल्या. "आहात तिथेच आहात."

आणि मग ते बँडचं काम आलं. गावच्या बँडला बारा नव्या पॅन्ट हव्या होत्या. गडद निळ्या, बाजूला वरपासून खालपर्यंत पांढरी पट्टी. बागेत नवा मंच बांधला होता आणि त्यावर बँडचा पहिला कार्यक्रम होता. नेमक्या त्याच वेळी काकूंच्या बहिणीच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं आणि काकू दहा दिवस तिच्याकडे गेल्या. मास्तरांनी बारा जणांना पाटावर उभं केलं, बारा पॅन्ट शिवल्या, तुरपाईसुद्धा स्वतःच मारली, आणि ठरल्या दिवशी कडक इस्त्री करून पाठवून दिल्या.

दोन दिवसांनी बँडप्रमुख दुकानात आले. सोबत पॅन्टचं गाठोडं.

"मास्तर, आमच्या बँडला काय झालंय हो?"

"काय झालंय?"

"बाराच्या बारा जण एका बाजूला कललेले दिसतायत. काल सरावाला माझा मेहुणा आला होता. मला विचारतो, भावजी, बोटीवर वाजवताय का?"

"माणसं वाकडी उभी राहत असतील."

"एखादा वाकडा असेल हो. बारा माणसं एकाच दिशेला वाकडी? एवढी एकी असती तर बँड सुरात नसता का वाजला?"

मास्तरांनी टेप घेतला. पहिली पॅन्ट मोजली, उजवा पाय अर्धा इंच आखूड. दुसरी, अर्धा इंच. पाचवी, आठवी, तसंच. मोठा ड्रम वाजवणाऱ्याची तर पाऊण इंच. बारावी मोजून झाल्यावर मास्तरांनी टेप टेबलावर ठेवला. पाठीची कळ सहा वर्षं तोंडावर न दाखवणाऱ्या माणसाचा चेहरा त्या टेपाकडे बघून पडला.

बँडप्रमुख माणूस चांगला. त्यांनी आवाज खाली आणला. "कार्यक्रमाला अजून तीन आठवडे आहेत. दुसऱ्या कुणाकडून दुरुस्त करून घेतो मी. तुमची कंबर आता... म्हणजे, तुम्हाला त्रास नको."

"माझं काम दुसरा कुणी उसवणार नाही," मास्तर म्हणाले. "तीन आठवडे आहेत ना? मी स्वतः येऊन एकेकाला परत खूण करतो. खाली बसून."

"बसाल हो. उठणार कसे?"

मास्तरांनी गाठोडं मात्र ठेवून घेतलं.

संध्याकाळी काकू परतल्या. मास्तरांनी त्यांच्यासमोर एक पॅन्ट पसरली. वाटलं होतं, आता डोक्याला हात लावतील. काकूंनी पॅन्टकडे एक नजर टाकली आणि पिशवीतून डबा काढत म्हणाल्या, "उजवा ना?"

मास्तर बघतच राहिले. "तुला कसं कळलं?"

"वर्षभर कळतंय. तुम्ही हल्ली गुडघे टेकून समोर बसताच कुठे? टेबलाची कड धरून बाजूनं वाकता. डावा पाय जवळ, तिथे हात पोचतो. उजव्याशी पोचायच्या आधीच कंबर म्हणते बास, आणि तुम्ही हात असेल तिथे खडू मारून मोकळे होता."

"आणि वर्षभर पॅन्ट सरळ कशा गेल्या?"

"तुरपाई कोण मारतं?" काकू म्हणाल्या. "अर्धा इंच खाली सोडायचे आणि मारायचे. या खेपेला मी नव्हते."

"मग सांगायचं नाही का!"

"सांगितलं असतं तर तुम्ही एक तर काम सोडलं असतंत, नाही तर मला. दोन्हीचा वैताग मलाच. त्यापेक्षा अर्धा इंच सोपा होता. व्यायामाला जा म्हणून मात्र वर्षभर ओरडतेय. ते ऐकलंत?"

मास्तरांनी मशीनचा खण उघडला आणि हरवलेली चिठ्ठी अगदी वरच सापडली.

व्यायाम शिकवणाऱ्या मुलीची खोली छोटी, स्वच्छ. एक सतरंजी, एक खुर्ची, भिंतीवर माणसाच्या पाठीच्या कण्याचं चित्र. मास्तरांनी चित्राकडे पाहिलं आणि मनातल्या मनात त्या माणसाच्या कोटाचं माप घेतलं.

मुलगी पंचविशीची. शाळेत असताना तिच्या गणवेशाची उंची मास्तरांनीच दरवर्षी खाली सोडून दिली होती, त्यामुळे तिला त्यांचा धाक नव्हता.

"काका, वाका बघू."

"वाकता आलं असतं तर तुझ्याकडे आलो असतो का?"

तिनं त्यांना तीन प्रकार दाखवले. उताणं झोपून एकेक गुडघा छातीशी आणायचा. मग गुडघे वाकवून, पावलं टेकून कंबर हळूच वर उचलायची, त्याला ती पूल म्हणायची. आणि हातापायांवर उभं राहून पाठ आधी वर फुगवायची, मग खाली सोडायची, ते मांजर. मास्तर मांजर झाल्यावर सोबत आलेल्या काकू खुर्चीतून म्हणाल्या, "आवाजसुद्धा काढायचा असतो का गं?"

"नाही काकू, तेवढं माफ आहे. काका, रोज सकाळी प्रत्येक प्रकार पाच वेळा. श्वास रोखायचा नाही."

"पाच?" मास्तरांना अपमान वाटला. "पाचानं काय होतंय?"

घरी जाऊन त्यांनी पन्नास केले. तीन आठवड्यांचं काम दोन दिवसांत उरकण्याचा बेत होता. तिसऱ्या दिवशी सकाळी मास्तरांच्या पायात मोजे काकूंनी घातले, आणि घालताना जे बोलल्या ते इथे लिहिण्यासारखं नाही. वरात पुन्हा मागच्या गल्लीत.

मुलगी रागावली नाही. तिनं विचारलं, "काका, पॅन्ट शिवताना खाली आत दुमडून कापड किती ठेवता?"

"दोन इंच माया."

"कशाला? नुसतं वाया जातं ना ते?"

"वाया कसं जाईल?" मास्तर उखडले. मायेचं नाव काढलं की कुठलाही शिंपी उखडतो. "कापड आटलं, माणूस वाढला, तर सोडायला काय हवं की नको? ताणून अगदी मापाला मापाचं शिवलं तर पहिल्या धुण्यात कपडा गेला समजायचं."

"मग अंगाला का ठेवत नाही माया?" ती म्हणाली. "जमेल तिथपर्यंत ताणता आणि फाटलं की माझ्याकडे येता. दुखेपर्यंत नाही करायचं काका. दुखायच्या दोन इंच अलीकडे थांबायचं. व्यायामाला तेच, बसण्याला तेच."

बाहेर आल्यावर मास्तर काकूंना म्हणाले, "मुलगी हुशार आहे. डॉक्टर उगाच मणके, गादी, स्नायू करत बसले. सरळ माया म्हणायचं ना."

त्या दिवसापासून मशीनवर एक गजराचं घड्याळ आलं. दर अर्ध्या तासानं ते बोंबलायचं आणि मास्तर हातातली शिवण टाकून उठायचे, दारापर्यंत जायचे, परत यायचे. सकाळी पाच वेळा मांजर, पाच वेळा पूल, मग पाण्याच्या टाकीपर्यंत चालत जाऊन परत. कापायच्या टेबलाच्या चारही पायांखाली दोन-दोन विटा आल्या, म्हणजे कापताना वाकायला नको. संध्याकाळी काकू कोमट तेल लावून द्यायच्या आणि मग गरम पाण्याची पिशवी. ती उघडी पिशवी मास्तरांना बघवेना, तिला त्यांनी फ्लॅनेलचा अंगरखा शिवला. बटणांसकट. झोपताना कुशीवर, गुडघ्यांमध्ये उशी. बारा हुकांचा पट्टा काकूंनी उसवून त्याची चांगली पिशवी केली.

दुपारी टेबलाच्या मागे सतरंजीवर पाय वर घेऊन दहा मिनिटं पडायचं, हेही ठरलेलं. एकदा चपलांचे दुकानदार आत आले, दुकान रिकामं पाहून हाका मारायला लागले, तर जमिनीतून आवाज आला, "आलो, आलो, पूल उतरतोय." ते दोन पावलं मागे सरले ते थेट रस्त्यावर.

पाठ काही नव्यासारखी झाली नाही. सकाळी कुरकुरायचीच. पण अठराव्या दिवशी मास्तर एक गुडघा उशीवर टेकून खाली बसले, हातानं दुसऱ्या गुडघ्यावर जोर देऊन उठले, आणि आरशात स्वतःकडे असं पाहिलं की जणू समोर नवीन गिऱ्हाईक आलंय.

"चला," ते काकूंना म्हणाले. "टाचण्या घ्या."

बँडच्या सरावाची खोली मोठी होती. भिंतीशी वाद्यं, मधे खुर्च्या. बारा माणसं निळ्या पॅन्ट घालून ओळीनं उभी. उजवे पाय सगळे उसवलेले, आतली दुमड खाली लोंबत होती. मास्तरांनी पहिल्याच्या समोर उशी टाकली, गुडघा टेकला, डावा पाय पाहिला, मग उशीसकट सरकून उजव्यासमोर बसले आणि खूण केली. उठले. पुढचा. काकू मागून टाचण्या मारत आल्या. दुसरा, तिसरा, चौथा. ट्रम्पेटवाला हळूच म्हणाला, "मास्तर, आम्ही टेबलावर उभे राहू का?" मास्तर म्हणाले, "तू सुरात उभा राहा, बास."

सहाव्याच्या वेळी उठताना कंबरेत किंचित खेचलं. दुखलं असं नाही. दुखण्याच्या अलीकडचं. तीन आठवड्यांपूर्वीचे मास्तर असते तर दात आवळून बारावर पोचले असते आणि तिथून खाटेवर. बारा जोड्या डोळे त्यांच्याकडे बघत होते. काकू मात्र बघत नव्हत्या, टाचण्या मोजत बसल्या होत्या, अगदी मन लावून.

मास्तरांनी खडू खिशात टाकला. खोलीच्या मधोमध उताणे झोपले, गुडघे वाकवले आणि छताकडे बघत एकेक गुडघा छातीशी घ्यायला लागले. बारा माणसं घाबरून जवळ आली.

"काय झालं? डॉक्टरांना बोलवू?" बँडप्रमुखांनी विचारलं.

"काही नाही झालं. होऊ नये म्हणून चाललंय."

"आणि उरलेले सहा?"

मास्तरांनी गुडघा खाली सोडला. जगातला प्रत्येक शिंपी जो शब्द दिवसातून दहा वेळा हसत हसत बोलतो, तो छत्तीस वर्षांत त्यांच्या तोंडून एकदाही गेला नव्हता.

"उद्या," ते म्हणाले.

"उद्या नक्की?"

"नक्की. तुम्ही तोवर काहीतरी वाजवा की. पडल्या पडल्या ऐकतो."

दुसऱ्या दिवशी उरलेले सहा झाले. पॅन्ट दुकानात आल्या, काकूंनी तुरपाईला घेतल्या आणि सवयीनं आधी टेप लावला. एक मोजली, दुसरी मोजली, बाराच्या बारा मोजल्या. मग टेप गुंडाळून ठेवला, सुईत दोरा ओवला आणि मशीनकडे न बघता म्हणाल्या, "आता माझं काम कमी केलंत म्हणून चहा तुम्ही करा."

मास्तर उठले. घड्याळ वाजायला अजून पाच मिनिटं होती.