ओल्या भिंतीचा निळा

इस्लापूरहून निघालो तेव्हा टेम्पोत पुढे ड्रायव्हर, माझी लेक श्रुती आणि मी. मागे लोखंडी पलंग, गॅसची शेगडी, ज्वारीचं पोतं, श्रुतीची दहावीची पुस्तकं (ती कशाला घेतली देव जाणे) आणि तेलाच्या रिकाम्या डब्यात भरलेली नाल्याची चिकण माती. तो डबा मी स्वतः चढवला. सासूबाईंनी झाकण उघडून पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "लोकं परगावी जाताना लोणचं नेतेत, अन् ही माती नेऊन राहिली." आमचे हे गावातल्याच शाळेत मास्तर. शाळा भरायच्या आत सामान बांधून मोकळं व्हायचं म्हणून त्यांची घाई चाललेली. टेम्पो हलला तेव्हा ते काहीतरी बोलले, इंजिनाच्या आवाजात मला ऐकू आलं नाही, मी नुसती मान हलवली. दोन वर्षांचा तर प्रश्न होता. अकरावी, बारावी, डॉक्टरकीची ‘नीट’, की परत. भोकर मागे पडेपर्यंत मी रडले नाही. नांदेड ओलांडून लोह्याला चहाला थांबलो तेव्हा मात्र डोळे आवरेनात, आणि श्रुती हळूच म्हणाली, "मम्मी, लोक बघतायत."

गावी राहिलेल्या माझ्या जावांनो, नणंदांनो, आणि लेकरांच्या क्लासपायी माझ्यासारखंच बिऱ्हाड हलवून निघालेल्या बायांनो, तुम्ही अजून विचारता की लातुरात तुझा जीव रमला कसा. फोनवर सांगायला गेलं की मध्येच कुणाचा तरी कुकर वाजतो. म्हणून लिहिते.

रमला नव्हता. पहिले काही महिने तर अजिबात नाही. आमच्या गल्लीत प्रत्येक घरावर एक मजला चढवलेला, मजल्यावर ओळीनं खोल्या, आणि प्रत्येक खोलीत एक लेकरू आणि एक आई. आम्हाला नावं नव्हती. मी श्रुतीची आई, शेजारची ओंकारची आई, त्या पलीकडची बिलोलीहून आलेली जुळ्यांची आई. पहाटे डबे करायचे, लेकरं क्लासला गेली की गॅलरीत उभं राहून टेस्ट, रँक आणि डाउट सेशन एवढंच बोलायचं. आपल्याकडे बाई भेटली की "कसं काय चाललंय" म्हणते, इथे पहिला प्रश्न "किती पडले?" मला त्या प्रश्नाचा असा राग यायचा, की एकदा मी सरळ सांगितलं, "माझे? मी बसलेच नाही परीक्षेला."

दिवस मोठा आणि खोली लहान. मग मी तो मातीचा डबा उघडला. लहानपणी पोळ्याला आम्ही बहिणी मातीचे बैल करायचो आणि त्यांच्या गळ्यात घालायला मातीचेच मणी. ते चुलीच्या राखेत भाजायचो. बैल माझे कधी धड उभे राहिले नाहीत, पण मणी मात्र एकसारखे व्हायचे. लातुरात चूल नाही, म्हणून मागच्या अंगणात फुटक्या घमेल्यात भुसा आणि गोवऱ्या पेटवून भाजायला लागले. मणी झाले. रंगाशी मात्र अडलं. डोळ्यांपुढे सगळं इस्लापूरच होतं: पळसाचा केशरी, सागाचं कोवळं पान चुरगाळल्यावर हाताला लागतो तो लाल, सहस्रकुंडाचा काळा खडक आणि त्यावरून कोसळणारं दुधासारखं पाणी. हे सगळं मी मण्यांवर चढवलं, आणि सगळं शिळं दिसलं. आठवण काढून काढून रंग पुसट झालेले. बाजारात नेऊन ठेवले असते तर कुणी उचलूनही पाहिले नसते.

पहिली बरी माळ सुचली ती टँकरच्या रांगेत. गल्लीत टँकर यायचा होता, त्याच्या वाटेवर प्लॅस्टिकच्या घागरी ओळीनं मांडलेल्या. पोपटी, गुलाबी, निळी, पुन्हा पोपटी, आणि मध्येच कुणाचातरी एकुलता एक पितळी हंडा. बायका नंबरावरून भांडत होत्या आणि मी आपली घागरींकडे बघत उभी. माझाही नंबर गेला. पण संध्याकाळपर्यंत तो क्रम जसाच्या तसा दोऱ्यात ओवला, पितळी हंड्याच्या जागी पितळेचा एक मणी घातला, आणि ओंकारच्या आईनं ती माळ गळ्यात घातली ती काढलीच नाही. त्या दिवसापासून मी लातूरकडे नीट बघायला लागले. प्रत्येक क्लासच्या दप्तराचा रंग वेगळा, क्लास सुटला की रस्ताभर पट्टे पडतात. बाजारात करडईच्या भाजीशेजारी गाजरांचा ढीग. हे रंग माझे नव्हते, पण ताजे होते.

घराची मालकीण मावशी. सगळी गल्ली त्यांना मावशीच म्हणते. खालच्या मजल्यावर एकट्या राहायच्या, मुलगा नोकरीला बाहेरगावी. भाजलेले मणी बघायला त्या अंगणात यायच्या, बसायच्या, फारसं बोलायच्या नाहीत. एकदा मात्र म्हणाल्या, "सगळे श्रुतीची आई म्हणतेत. तुजं नाव काय गं?" सहा महिन्यांत हे विचारणाऱ्या त्या पहिल्याच. मी म्हटलं, शोभा. तेव्हापासून आमचं जमलं.

मावशींचं गाव किल्लारीच्या बाजूचं. भूकंप झाला ती गणपती बुडवल्यानंतरची पहाट. माझं माहेरही इस्लापूरचंच, मी तेव्हा लहान होते, मांडणीवरची ताटं वाजली आणि आईनं आम्हाला ओढत अंगणात आणलं, एवढंच मला आठवतं. मावशींचं दगडामातीचं घर त्या पहाटे बसलं. मालक गेले, मोठी जाऊ गेली. मावशी आणि कडेवरचं पोरगं वाचलं. सरकारी पत्र्याच्या शेडमध्ये काही वर्षं काढून त्या लातुरात आल्या, मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाक केला, हे घर बांधलं. हे सगळं त्यांनी मला भाजी निवडता निवडता, दोन वाक्यांत सांगितलं. मग म्हणाल्या, "माज्यासाटी एक माळ कर. आमच्या चुलीपाशी निळी भिंत हुती. चुन्यात नीळ घालून पोतारायचो. त्या रंगाची कर."

मी म्हटलं, त्यात काय अवघड.

"घालायची न्हाई मला. हातात धरायची हाय. माणसं डोळ्याम्होरं येतेत गं अजून. पर घर येईना झालंय. दार कुटं हुतं ते बी कदीकदी आटवत न्हाई. तेवडा रंग घावला तर बग."

हे ऐकल्यावर माझी माळ करण्याची सगळी मौज संपली आणि काम सुरू झालं. कळीचा चुना आणून भिजवला, नीळ मिसळली, मण्यांना हात दिला, वाळवले, खाली नेले. मावशी म्हणाल्या, न्हाई. जास्त नीळ घातली. न्हाई. कमी घातली, न्हाई. तो रंग कसा होता म्हणून विचारावं तर "निळा" याच्यापुढे त्यांना सांगता येईना, आणि मला राग येऊन उपयोग नव्हता, कारण मला तरी इस्लापूरचा पळस शब्दांत कुठे सांगता आला असता? मणी धुऊन पुन्हा पहिल्यापासून. श्रुती म्हणायची, "मम्मी, तुझी टेस्ट सिरीज चालू आहे."

मग येळवस आली, म्हणजे वेळ अमावस्या. आपल्या इस्लापूरकडे हा सण नाही. इकडे त्या दिवशी अख्खं लातूर शेतात जेवायला जातं, क्लाससुद्धा बंद. मावशींची थोडी जमीन अजून जुन्या गावालगत आहे, त्या आम्हा दोघींना घेऊन गेल्या. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं केलेलं, आत चुना लावून त्यावर तांबडी काव लावलेले पाच दगड, पांडव म्हणून पुजलेले. भाज्या-दाण्यांची भज्जी आणि ताकातली आंबील पोटभर झाली, श्रुती कित्येक महिन्यांनी पुस्तकाशिवाय गवतात लोळत पडली. शेताच्या पलीकडे वेड्या बाभळींत जुनं गाव. मी एकटीच तिकडे गेले. एका अर्ध्या भिंतीवर मला निळा पोपडा दिसला. तळहाताएवढा. मी तो रुमालात बांधून आणला. आता काय, नमुनाच हाती लागला! त्याच्याशी रंग जुळवायला मला चार दिवस लागले, पण असा जुळवला की पोपडा कुठला आणि मणी कुठला ते कळेना.

मावशींनी मणी हातात घेतले, पोपडा घेतला, दोन्ही खाली ठेवले. "हा रंग मेलेला हाय शोभा. ही भिंत माजी असंल बी, नसंल बी." आणि आत गेल्या. मला पुढचे दोन दिवस मणी हातात घ्यायची इच्छा झाली नाही. भूकंपानंतर पडलेला पाऊस, ऊन, एवढी सगळी वर्षं त्या पोपड्यावरून गेली होती, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं.

मार्च उजाडला. श्रुतीची बारावीची परीक्षा चाललेली, मग नीट, आणि मे महिन्यात खोली सोडायची हे ठरलेलं. मी उगीच हट्टानं आणखी एक घाणा कालवला. मणी चुन्यात बुडवून ताटात काढले आणि हात धुवायला उठले, तेवढ्यात मावशी कोथिंबीर द्यायला वर आल्या. दारातच थांबल्या.

"हाच. हाच हाय गं."

मी वळून बघितलं. कालचंच माप होतं, काल त्याच रंगाला त्या न्हाई म्हणाल्या होत्या. आम्ही दोघी ताटाजवळ बसलो आणि आमच्या डोळ्यांदेखत मणी वाळत गेले, पांढुरके होत गेले, आणि तो रंग निघून गेला. तेव्हा कुठे उलगडा झाला. मावशींच्या डोळ्यांत होती ती ओली भिंत. "वाळल्याली भिंत कोन बगत बसतंय," त्या म्हणाल्या. "मी पोतारायची, जाऊ चुना कालवायची. कोपरापातूर हात निळे. एकदा माज्या नाकाला लावला तिनं चुना. किती हासलो! सासू वरडली बाहेरनं."

म्हणजे जो रंग हवा होता तो भिंतीवर तासभरच टिकायचा. तो मण्यावर कायमचा ठेवायचा होता. खोबरेल लावलं, ते मुरून गेलं आणि मणी चिकट झाले. श्रुतीचं नेलपॉलिश लावलं तर दुकानातल्या प्लॅस्टिकसारखे चमकायला लागले. मग आठवलं, आपल्याकडे दिवाळीला सागाच्या दाराला जवसाचं तेल चोळतात, आणि दार वाळलं तरी ओलं दिसतं. घाण्यावरून तेल आणलं, कापसाच्या बोळ्यानं अगदी पातळ हात दिला, आणि मणी गच्चीवर ठेवले. जवसाचं तेल वाळायला कित्येक दिवस घेतं. रोज जाऊन बोट लावायचे आणि बोटाला तेल लागलं की तशीच परत खाली यायचे. एक दिवस बोट कोरडं निघालं. निळा ओलाच राहिला होता.

माळ दिली त्या दुपारी मावशी अंगणातल्या पायरीवर बसल्या होत्या. त्यांनी ती दोन्ही हातांत धरली. मी म्हटलं, बघा, जरा हिरवट झाक आलीय का? त्यांना ते ऐकूच आलं नाही. त्या म्हणाल्या, "चुलीच्या डाव्या अंगाला फडताळ. त्याच्या बाजूला दार. दाराला वरची कडी लागत नव्हती, दगूड लावायचो." आणि मग एकेक खोली, एकेक खुंटी, कुठल्या खुंटीला कुणाचा टॉवेल, सगळं येत गेलं. श्रुती क्लासला निघाली होती, दप्तर पाठीला तसंच ठेवून ती मावशींच्या शेजारी टेकली. डाउट सेशन बुडालं. मी तिला जा म्हटलं नाही. त्या दिवशी मला कळलं की मी या घरात नुसती डबे करायला आले नव्हते, आणि मला फार, फार आनंद झाला.

श्रुतीचं डॉक्टरकीचं जमलं नाही. ती नागपूरला फिजिओथेरपी करते आणि खुशीत आहे. यांनी बदली मागून घेतली, लातूरजवळची शाळा मिळाली, आणि आम्ही मावशींच्याच घरात आणखी एक खोली घेऊन राहिलो. माझ्या माळा आता बऱ्यापैकी जातात. दिवाळीला इस्लापूरला आले की तुम्ही मला पाट देता, ताट वाढून आणता, आणि मीठ कुठे ठेवलंय ते मला विचारावं लागतं. वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू.

गेल्या महिन्यात श्रुतीचा व्हिडिओ कॉल आला. "मम्मी, मला एक माळ कर. आपल्या घराच्या रंगाची." मी हरखलेच. सागाच्या पानाचा लाल घेऊ, सहस्रकुंडाचा काळा घेऊ, असं सुरूच केलं. ती म्हणाली, "तसली नको गं. आपली वरची खोली. पिस्त्यासारखी भिंत होती ना, अभ्यास करताना मी जिच्याकडे बघत बसायचे, ती."

ती भिंत मला कधी आवडली नव्हती. स्वस्तातला डिस्टेंपर, कोपऱ्यात ओल. दोन वर्षं मी त्या खोलीकडे बसस्टँडसारखं बघत आले, आणि माझी लेक मात्र तिथे आपलं घर करून गेली होती. गेल्या वर्षी मावशींनी सगळ्या खोल्या क्रीम रंगवल्या. मी डोळे मिटून बसले, पण तो पिस्ता हिरव्याकडे झुकणारा होता की पिवळ्याकडे, काही केल्या आठवेना. शेवटी खाली गेले आणि मावशींना सगळं सांगितलं.

त्या हसल्या. चुन्याचं भांडं पुढ्यात ओढलं आणि शेजारची जागा हातानं पुसली. "बस इथं. आता तू आटव, मी कालवते."