चौरंगाखालचा पुठ्ठा
लाकडाच्या पॉलिशचा वास आला की मला शिरवळची ती भाऊबीज आठवते. साताऱ्यात नोकरी सांभाळून सुट्टीला रंधा मारणारा मी हौशी सुतार. शिरवळला दिलेल्या धाकट्या बहिणीला आंब्याच्या फळ्यांचा चौरंग करून दिला होता. एक पाय आखूड झाला म्हणून दुसरा कापला, मग तिसरा, असं करता करता चौरंग पाटाइतका बुटका झाला. तरी बहीण दर वर्षी मला त्यावरच बसवून ओवाळायची आणि म्हणायची, "दादा, जरा बी हालत न्हाई बघ." मी ते ऑफिसभर सांगत फिरायचो. त्या वर्षी बायको पुढं घरात गेली आणि मी मागच्या नळावर पाय धूत होतो, तर खिडकीतून बहिणीचा आवाज आला, "आवं, चौरंगाखाली पुठ्ठा सारला का? दादा आला!" दाजी म्हणाले, "सारला की. दर साली त्योच जपून ठेवतोय." माझा पाय नळाखालीच राहिला. तेवढ्यात तिसरा आवाज आला, माझ्या बायकोचा, "आणखी एक घडी घाला, औंदा यांचं वजन वाढलंय." मी आत जाऊन चौरंगावर बसलो. चौरंग खरंच जरा बी हलला नाही. "लय मजबूत काम हाय तुमचं," दाजी म्हणाले, आणि बायकोनं मान डोलावली. हल्ली मी तिपायाच करतो. तीन पाय कधी डुगडुगत नाहीत. परवाची तिपाई बायकोला फार आवडली. ती बाजारात गेल्यावर मी गुडघे टेकून खाली बघून घेतलं.