तळातला हिरडा

"वरचा माल बघू नका. तळातला बघा," असं म्हणत चाचा कोपरापर्यंत हात गोणीत खुपसायचे आणि मूठभर हिरडा समोरच्याच्या तळहातावर ठेवायचे. मग समोर गिऱ्हाईक असो, पोस्टमन असो की माझ्यासारखा भाडेकरू मास्तर. मला हिरड्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, तरी खाली उतरलो की ती मूठ ठरलेली. असा माणूस तुमच्याही ओळखीत असेल. स्वतःविषयी त्याला चार शब्द बोलता येत नाहीत, मालाविषयी विचारा, चहा गार होतो.

आता चाचांचं हिरड्याचं गोदाम नाही आणि चाचाही नाहीत. तेव्हा महाडात नदीकडच्या गल्लीत खाली गोदाम आणि मागच्या अंगाला त्यांचं घर होतं. माझी खोली वर होती. थंडीत पोलादपूरच्या वरच्या वाड्यांतल्या बायका रानातला हिरडा गोळा करायच्या, वाळवायच्या आणि एसटीच्या टपावर टाकून चाचांकडे आणायच्या. इथून तो मुंबई बंदरातून कराचीला जायचा, कातडी कमावायला. पासष्टच्या युद्धाने बंद पडलेला हा व्यापार त्या सुमाराला पुन्हा सुरू झाला होता. "आपल्या हिरड्याबिगर तिकडं बूट होत नाय," असं चाचा मोठ्या ऐटीत सांगायचे.

मग एका उन्हाळ्यात दोन्ही सरकारांचं कुठेतरी बिनसलं आणि व्यापार पुन्हा थांबला. गोदाम भरलेलं तसंच राहिलं. पावसाळ्यात गोणींना बुरशी धरली आणि तो वास माझ्या खोलीपर्यंत यायला लागला. बाजाराला उतरलेल्या बायका दारातूनच विचारायच्या, "चाचा, माल गेला का?"

"गेला तर! कवाच गेला," चाचा म्हणायचे आणि दार ओढून घ्यायचे. तुम्ही डोंगर चढून आणलेलं आता कुणाला नको, हे त्यांच्या तोंडून निघत नव्हतं.

अशात कळलं, की ज्यांचा माल असा अडकला त्यांना सरकार हात देणार आहे. माल चांगला असेल तर दुसऱ्या देशात गिऱ्हाईक शोधून देणार, खराब झाला असेल तर भरपाई. त्यासाठी एक साहेब येऊन बघून जाणार. सरकारला लिहू या म्हणून मी चाचांच्या मागेच लागलो.

"सरकारपुढं हात पसरू? आमच्या घरात कोन पसरला नाय, मास्तर."

"थंडीत बायका येतील, त्यांचा माल कशानं घेणार?"

त्यांनी टोपी काढून झटकली, पुन्हा घातली. मग हळूच म्हणाले, "लिवा." मी लिहिलं.

साहेब यायच्या दिवशी सकाळी खाली उतरलो तर मी गोदाम ओळखलंच नाही. भिंतींना ताजा चुना, अंगण सारवलेलं, धूप लावलेला. ज्या थोड्या गोणी बऱ्या राहिल्या होत्या त्या पुढे ओळीने मांडलेल्या. बुरशी लागलेल्या मागच्या पडवीत ताडपत्रीखाली दडपल्या होत्या. चाचा मुलाच्या लग्नातला कोट घालून दारात उभे होते.

"चाचा, हे काय केलंत?"

"पाव्हना येतोय. त्याच्यापुढं उष्टं ताट ठेवू?"

"अहो, ते नुकसान बघायला येतायत!"

"नुकसान काय बगायची चीज हाय?"

तेवढ्यात जीप आलीच. साहेब तरुण होता आणि माणूस म्हणून भला. त्याने पुढच्या गोणीतला हिरडा हातात घेऊन वाखाणला, तसे चाचा खुलले. कौतुक ऐकून त्यांना कित्येक महिने झाले होते. मग साहेबाने विचारलं, "पत्रात बराच माल खराब झाल्याचं आहे. तो कुठाय?"

नेमक्या त्याच वेळी अंगणात दरवर्षी हिरडा आणणारी काशीबाई आणि तिच्या वाडीतल्या आणखी दोघी टेकल्या होत्या. साहेब येणार म्हणून त्याही बघायला थांबल्या होत्या. चाचांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा पार उतरला.

"खराब काय नाय, साहेब."

"आहे, साहेब," मी पुढे झालो. "मागे चला, दाखवतो."

चाचांनी माझा दंड धरला आणि हसत साहेबाला म्हणाले, "आमचे मास्तर शाळंत निबंध शिकवतात. वाडवून लिवायची सवय हाय त्यांना."

साहेबही हसला. माझे कान तापले. मी मागे सरलो. 'नुकसान नाही' असं लिहून जीप गेली. चाचांनी कोट काढला, नीट घडी केली आणि ट्रंकेत ठेवून दिला. मला राग येत होता आणि त्यांच्याकडे बघवतही नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मागच्या गोणी हातगाडीवर घालून नदीत रिकाम्या केल्या.

थंडी पडली तरी पुढच्या गोणींना सरकारकडून गिऱ्हाईक आलं नव्हतं, चाचांचा हात रिकामाच होता. अशात काशीबाई त्याच दोघींना घेऊन आली. डोक्यावर हिरड्याची गाठोडी होती. चाचांनी खिडकीतून त्यांना पाहिलं, गोदामाचं दार आतून लावलं आणि मला मागच्या दाराने पुढे पाठवलं. "सांगा, चाचा गावाला गेलेत."

मी ते सांगितलं. खोटं बोलायची मला सवय नाही असं नाही, पण त्या दिवशी मान वर होईना.

काशीबाईने गाठोडं उतरवलं नाही. "गावाला कशाला जातायत?" ती म्हणाली. "चपला हायत की दारात. मास्तर, त्यांना सांगा, माल गेला नाय ह्ये आमाला पावसातच कळलं हुतं. वास काय लपतोय? त्या दिशी साहेबापुढं आमीच सांगनार हुतो. पन त्यांना लाज वाटंल म्हून गप ऱ्हायलो."

एवढं बोलून ती वळली. तिघी आल्या तशाच गाठोड्यांसकट एसटी स्टँडकडे निघाल्या.

गोदामाचं दार फळ्यांचं होतं, त्यात बोटबोट फटी होत्या. मी आत आलो तेव्हा चाचा त्या दाराला पाठ टेकून उभे होते.

"गेल्या?"

"गेल्या."

"काय म्हनाल्या?"

"काही नाही, चाचा," मी म्हणालो. "पुन्हा येऊ म्हणाल्या."